चौकट क्रमांक दहा

वीस सेकंद म्हणजे किती वेळ, हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं आज सकाळपर्यंत माझं ठाम मत होतं. वर्गात काय चाललंय ते दर पाच सेकंदांनी एक काडी मारून कागदावर टिपायचं, ही पद्धत माझी. शिकवण्यावर संशोधन करणाऱ्या आमच्या संस्थेत बावीस वर्षांपूर्वी मी तो तक्ता बनवला, त्याच्या जोरावर विभागप्रमुख झालो, आणि पुढच्या महिन्यात निवृत्त होताना निरोपाच्या भाषणांत लोक त्याच्याबद्दलच बोलणार आहेत. एक पान, त्यावर शेजारी शेजारी दहा लांबट चौकटी. पहिलीत शिक्षक समजावून सांगतात, दुसरीत प्रश्न विचारतात, तिसरीत शाबासकी देतात, असं करत करत नववीत मूल आपणहून बोलतं. दहावीत यांतलं काहीच नाही. तिथे लिहिलंय, 'शांतता अथवा गोंधळ'. बाक पडला, दोघांची जुंपली, बाहेर एखाद्या मोटारीचा भोंगा अडकून बसला, किंवा नुसतंच कुणी काही बोलत नाही, की मारा काडी दहात. पस्तीस मिनिटांच्या तासाला चारशे वीस काड्या होतात. हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा मेहुणा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि तेव्हापासून त्याने माझं आडनाव 'दहाचौकडे' ठेवलं. मी कधी रागावलो नाही. आपण केलेल्या वस्तूवरून आपल्याला नाव पडावं, असं किती जणांच्या वाट्याला येतं?

तर आज आमच्या एक निरीक्षक बाई तापाने आडव्या झाल्या, तास तर ठरलेला, म्हणून मीच पेन्सिल घेऊन गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ऑफिसातल्या लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू पोस्टमास्तर स्वतः टपाल वाटायला निघालाय. सहावीचा वर्ग. शेवटच्या बाकावर बसलो तर गुडघे वरच्या फळीला टेकले, आणि पाट्या-पुस्तकांचा, घामाचा, डब्याच्या झाकणांचा तो वास एकदम नाकात शिरला. वास मला आवडला. हात अजून बसलेला होता. पाच सेकंद, काडी. पाच सेकंद, काडी. घड्याळाकडे बघावंही लागत नव्हतं. समोर शिकवणाऱ्या बाई तिशीच्या, आवाज बसका, साधारण एखादी गोष्ट विसरल्यासारखं बोलायची सवय. क्षेत्रफळ चाललं होतं. त्यांनी फळ्यावर एक चौरस काढला आणि विचारलं, "याच्या बाजू मी दुप्पट केल्या, तर आतली जागापण दुप्पट होईल का? हो की नाही ते नंतर. का, ते सांगा." आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

पहिली काडी मी न बघताच मारली. दहा. पुढच्या बाकांवरचे दोन हात वर आले, त्यांच्याकडे बाईंनी नुसती मान हलवली, म्हणजे थांबा. दुसरी काडी. मला वाटलं, आता बोलतील, निदान प्रश्न पुन्हा विचारतील. वर्गात दहा सेकंद कुणी बोललं नाही की मला दार उघडं राहिल्यासारखी अस्वस्थता येते, ती आलीच. आणि मग, कसं कोण जाणे, मीही विचार करायला लागलो. उत्तर मला येतं, अर्थातच येतं, चौपट. पण का? सूत्र बाजूला ठेवून, का? एक गोलमटोल मुलगा तोंड उघडून मिटवत होता. एकीने वेणीचं टोक दातात धरलं होतं. माझ्या पुढ्यातली मुलगी तळहातावर बोटाने काहीतरी काढत होती, पुसत होती, पुन्हा काढत होती, तळहातावर काय पुसायचं असतं! तिसरी काडी. पंख्याच्या आवाजाखाली सगळा वर्ग कुठेतरी गेलेला होता, आणि तरी एकूण एक जण तिथेच होता. चौथी काडी मारताना माझा हात उशिरा पडला. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत हजारो तास बसलोय, हात कधी उशिरा पडला नव्हता.

"नाही बाई," पुढ्यातली मुलगी म्हणाली. उभी नाही राहिली, हात नाही वर केला, तळहाताकडे बघतच बोलली. "बाजूला अजून एक ठेवला ना, की तो लांबट होतो. चौरस राहायला खाली पण दोन लागतात."

वर्गातून एक "हां" असा आवाज उठला, सगळ्यांचा मिळून. त्या गोलमटोल मुलाने कपाळावर हात मारून घेतला. मी खाली पाहिलं. नवव्या चौकटीत एक काडी पडली होती, आणि दहावीत चार. अहवालात त्या चार काड्या 'वाया गेलेला वेळ' या मथळ्याखाली जातात. तो मथळा माझाच. बाक कोसळून वीस सेकंद आरडाओरडा झाला असता तरी याच चौकटीत, याच चार काड्या पडल्या असत्या. त्या तासात जे सगळ्यात मोलाचं घडलं ते माझ्या कागदाने बाकाच्या पडण्यात जमा केलं होतं.

मला लाज वाटली असं लिहिलं तर बरं दिसेल. पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला. साठाव्या वर्षी, निवृत्तीला महिना उरलेला असताना, स्वतःच्या कामातली एवढी मोठी चूक स्वतःला सापडावी! तास संपल्यावर मी बाईंचे आभार मानले तेव्हा त्या जरा घाबरल्यासारख्या दिसल्या, म्हणाल्या, "सर, मधे थोडा वेळ गेला." मी म्हणालो, "छे हो, मधला तोच बरा होता." त्यांना काही कळलं नसावं. मी रस्त्यावर आलो आणि बस सोडून चालायला लागलो. पिशवीत तक्त्याच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं होती, माझी सही झाली की ती छपाईला जाणार आणि मग झाडून सगळ्या शाळांमध्ये. सही करायची नाही, हे ठरवायला मला नाका ओलांडायच्या आतच जमलं. अकरा चौकटी. शांतता वेगळी, गोंधळ वेगळा. शांततेतही पुन्हा दोन प्रकार करता येतील, प्रश्नानंतरची आणि इतर वेळची. दुपारचं ऊन होतं, दुकानदार अर्धी शटरं ओढून आत जेवत होते, एका न्हाव्याने रिकाम्या खुर्चीत स्वतःच बसून वर्तमानपत्र उघडलं होतं, आणि मी लेखाची पहिली तीन वाक्यं मनातल्या मनात पक्की करत चाललो होतो. वाक्यं फक्कड जमत होती. जुने अहवाल पुन्हा काढायचे, दहावीतल्या काड्या त्यांच्या आधीच्या काडीशी ताडून बघायच्या; प्रश्नानंतर आलेली दहा म्हणजे बहुधा विचार, बाकीची दहा म्हणजे बहुधा गडबड. नाहीतरी प्रत्येक निरीक्षकाची टिपणवही जपून ठेवायचा नियम मीच केला होता, तिच्यात खुणा ओळीने असतात. परिषदेत लोक उभे राहून टाळ्या वाजवतील. एवढ्या वयात स्वतःचं खोडायला छाती लागते म्हणतील.

ही चूक झाली कशी, तेही मला चालता चालता लख्ख आठवलं. मूळ कच्च्या मसुद्यात अकरा चौकटी होत्या. पण आमच्याकडे प्रती काढायचं जे यंत्र होतं त्याच्या कागदावर अकरा मावत नव्हत्या. अकरावी कडेला अर्धी कापली जायची. कागद आडवा करून पाहिला, तर निरीक्षकाच्या मांडीवर राहीना. तेव्हाचे आमचे संचालक म्हणाले होते, "एका पानात बसव बाबा. दोन पानं केलीस तर एक हरवतं." मला ते एकदम पटलं. एका पानात वर्ग! मी शेवटच्या दोन चौकटी एकत्र केल्या, बोलणं जिथे नाही ते सगळं एकीकडे, आणि त्याला एक भारदस्त कारणही लिहून काढलं. बोटभर जागा वाचवायला केलेली गोष्ट पुढे वीस वर्षं मी तत्त्व म्हणून शिकवली. शिकवताना मला एकदाही खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही, ही त्यातली गंमत. कारण मला स्वतःला शांतता कधी लागलीच नाही. घरी जेवताना वडील पाढे विचारायचे, त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं उत्तर ताटाबाहेर. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, ती घास हातात धरून वर बघत राहायची. वडील म्हणायचे, राहू दे, तू जेव. ती पुढे फार मोठ्या इमारतींचे नकाशे काढायला लागली आणि वडिलांना शेवटपर्यंत त्याचं आश्चर्य वाटत राहिलं. मला ताईची आठवण बऱ्याच दिवसांत आली नव्हती. तिला फोन करायला हवा, असं मनात आलं आणि त्याच वेळी दुसरीच आठवण वर आली, ती मात्र मी बरीच वर्षं हाताच्या अंतरावर ठेवलेली होती.

माझी आणि बायकोची ओळख प्रशिक्षण महाविद्यालयातली, एकाच वर्गातली, त्यामुळे लग्नानंतरही ही मला अरे-तुरेच करते. माझ्या आईला ते कधी रुचलं नाही. ही सातवीला गणित शिकवायची. तक्त्याची पहिली मोठी चाचणी घेतली तेव्हा बेचाळीस शिक्षक निवडले गेले, आणि त्यात तिचंही नाव आलं. पक्षपात नको म्हणून तिच्या वर्गात मी बसलो नाही, सहकाऱ्याला पाठवलं. म्हणजे गंमत बघा, आयुष्यभर लोकांचे तास बघत हिंडलो आणि बायकोला शिकवताना एकदाही पाहिलं नाही. निकाल आला, दहाव्या चौकटीत एकतीस टक्के. शेवटून तिसरी. रात्रीच्या जेवणात मी तो आकडा चेष्टेत सांगितला. चेष्टेनेच घ्यावा अशी माझी अपेक्षा होती. "थोडा वेग वाढव," मी म्हणालो, "बाकी तुझं उत्तम आहे." मग काही आठवडे ती सकाळी कपाटाच्या आरशापुढे उभी राहून, गजराचं घड्याळ शेजारी ठेवून धडा बोलून बघायची. तिचं बोलणं घरातही भरभर व्हायला लागलं, वाक्यं एकमेकांच्या पायात यायची. तेवढ्यात तपासणी कार्यालयाने आमचा अहवाल नावांच्या यादीसकट उचलला. दहाव्या चौकटीत पंचवीस टक्क्यांच्या वर असलेल्या चौदा शिक्षकांना वरच्या वर्गांवरून काढून 'सुधारणेसाठी' दुसरी कामं दिली. हा तक्ता कुणा एकाची परीक्षा घेण्यासाठी नाही, असं मी लिहिलं होतं, अगदी स्पष्ट. पण समोरच्या बाजूला जागा नव्हती म्हणून ते मागच्या बाजूला छापलं गेलं, आणि कार्यालयं मागची बाजू वाचत नाहीत. मी एक निषेधाचं पत्रही पाठवलं. त्याची पोचसुद्धा आली. हिला शाळेचं ग्रंथालय मिळालं. वीस वर्षं तिने ते चोख सांभाळलं, पुस्तकांना कव्हरं घातली, आणि गेल्या वर्षी निवृत्त झाली. पुन्हा फळ्यापुढे उभी राहिली नाही. मीही विषय काढला नाही, तिनेही नाही. बऱ्याच घरांत एखादी खोली अशीच बंद असते आणि घर छान चालतं.

आज मात्र ती खोली उघडायची चावी माझ्या पिशवीत होती. तू बरोबर होतीस! बावीस वर्षांनी, आकड्यांनिशी, तू बरोबर होतीस. माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागली. मी फुलं घ्यावीत का असाही विचार केला, पण मग वाटलं, फुलांची काय गरज, बातमीच एवढी मोठी आहे.

ती गच्चीतून वाळलेल्या चादरी घेऊन आली होती. "बरा आलास," म्हणाली, "ते टोक धर." मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. मी पिशवी खाली ठेवून दोन कोपरे धरले, आणि चादर ताणून धरलेल्या अवस्थेतच सगळं सांगितलं. वर्ग, चौरस, तळहातावर काढणारी मुलगी, चार काड्या, कापली गेलेली अकरावी चौकट. मी चांगलं सांगतो, मला माहीत आहे. चादर आमच्या मधे हलत होती. शेवटी मी म्हणालो, "म्हणजे एकतीस टक्के वेळ तुझा वर्ग विचार करत होता. तू सगळ्यांत चांगल्या शिक्षकांपैकी होतीस. कागद चुकीचा होता."

चादर अर्धी करून तिने माझ्या हातातले कोपरे घेतले आणि पुन्हा खालचं टोक माझ्या हातात दिलं.

"मला वाटायचं, माझंच डोकं हळू चालतं," ती म्हणाली. "पोरांना वाट बघायला लावते, कारण मलाच सुचत नाही पुढचं. असंच वाटायचं."

"तेच तर सांगतोय, तसं नव्हतं."

"हो, आत्ता सांगतोयस." तिचा आवाज चढला नव्हता. "वीस वर्षं मी ग्रंथालयात पोरांशी बोलतानासुद्धा वाक्य आधी मनात जुळवून घ्यायचे. कुणी घड्याळ लावलंय असं वाटायचं." तिने दुसरी चादर उचलली. "किती जणी होतो आम्ही?"

"चौदा. दहा बायका, चार पुरुष."

"बाकीच्यांना कोण सांगणार?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. "मी लेख लिहितोय. सविस्तर. परिषदेत वाचणार, छापूनही येईल."

"त्या तुझे लेख वाचत नाहीत," ती म्हणाली. "मीसुद्धा वाचत नाही."

मला हसू आलं, आणि ते मधेच थांबलं. मी तिला नियम समजावला. अभ्यासात भाग घेणाऱ्यांची नावं आणि क्रमांक यांची यादी पाच वर्षांनी नष्ट करायची असते. त्यांना कुणी ओळखू नये, त्रास होऊ नये, म्हणून. ती यादी मी स्वतः, दोन साक्षीदारांसमोर, यंत्रात घालून बारीक कापली होती, आणि नंतर त्या नियमाचं महत्त्व यावर एक व्याख्यानही दिलं होतं. आता उरलेत ते नुसते क्रमांक. शिक्षक क्रमांक चार, शिक्षक क्रमांक अकरा. हे मी नेहमीच्या आवाजात सांगायला सुरुवात केली, पण सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की चौदा जणांपैकी फक्त एकीला मी ही बातमी देऊ शकलो होतो, आणि तीही ती माझ्या घरात राहते म्हणून. तिच्याशी माझं लग्न झालं नसतं तर ती क्रमांक सतरा असती. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि हे वाईट वाटणं लेखात कुठे घालता येणार नाही हेही कळलं.

"यादी गेली," ती म्हणाली, "माणसं नाही गेली. आम्हाला सगळ्यांना एकाच दिवशी कार्यालयात बोलावलं होतं पत्रं द्यायला. बाहेरच्या बाकावर तासभर बसलो होतो. एक उंचशी होती, खडूला कागदाची पट्टी गुंडाळून लिहायची, हात कोरडे पडतात म्हणून. तिला भांडारात बसवलं, खडूच मोजायला. अजून भेटते मला बाजारात. तिचा वर्ग तुझ्या वाटणीत होता."

मी आठवायला लागलो. ज्या एकवीस वर्गांत मी स्वतः बसलो होतो त्यांची टक्केवारी मला आजही पाठ आहे. अडतीस, चौतीस, सव्वीस. उंच बाई, खडूला कागद. तीन दिवस मी त्या वर्गात बसलो असणार, रोज पस्तीस मिनिटं, बाराशे साठ काड्या मारल्या असणार. मी डोळे मिटले. मला तक्ता दिसला, पेन्सिलीचं टोकही दिसलं. माणूस दिसेना.

"नाही आठवत," मी म्हणालो.

ती चादरींची चळत कपाटात ठेवून आली. पायात चपला घातल्या, दाराची किल्ली घेतली.

"तिला तू आठवशील," ती म्हणाली. "चल."